फोटोखालची जागा

फोटोखाली चार बोटं जागा असते.
तेवढ्यात एका माणसाची बाई व्हायला हवी,
तीही घाई न करता.

थंडर बे. जानेवारी. सरोवर काठापासून गोठत आत गेलेलं.
धान्याच्या कोठारावर रात्रपाळी,
पापण्यांवर गव्हाची धूळ.
पट्टा अडकून थांबला की
थर्मासच्या झाकणाशेजारी वही उघडते.

पहिल्या वर्षी मी अंगठ्या लिहिल्या.
शाप लिहिले, हरलेल्या पैजा,
औषधाची चुकून उचललेली बाटली.
नायक नको नको म्हणायचा,
आणि शेवटी आरसा यायचा, दर वेळी आरसा,
जणू जगात दुसरं काही चकाकतच नाही.

आउनेने वाचलं.
ती सॉनाच्या गल्ल्यावर बसते, टॉवेल मोजते,
सत्तरी ओलांडलेली, चष्मा दोरीला.
"हा इतका नको म्हणतो,
मग गोष्ट त्याला पुन्हापुन्हा तिथेच का नेते?"
उत्तर माझ्याकडे होतं. दिलं नाही.
"पैज काढ," ती म्हणाली.
"एकदा कुणीतरी मागू दे की. तोंड उघडून."

शाप एका ओळीत लागतो.
मागणाऱ्याला आधी बसायला खुर्ची लागते,
हात कुठे ठेवायचे ते ठरवावं लागतं,
समोर कोण, ऐकून त्याचा घास थांबतो का,
की तो मीठ मागतो.
मला अकरा महिने लागले.

रेइयोचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा
न नेलेल्या फोटोंचं खोकं आठ डॉलरला मिळालं.
एक नवरी. दोन नर्सा, सिगारेट लपवताना.
पासपोर्टसाठी हसू आवरणारी कुणी.
यांच्या तोंडी माझं वाक्य घालायचं
तर यांना विचारायला नको?
तेव्हापासून पाठमोऱ्याच बायका घ्यायच्या.
चेहरा जिचा तिच्याकडे.

अडचण अशी, की फोटो शेवट आधीच सांगून बसतो.
बघणाऱ्याला ती दिसते.
मग तो कुठे ठेवायचा?

एक आहे, पिवळ्या रेनकोटातली,
धक्क्याच्या टोकाशी, पाण्याकडे तोंड.
पायात बूट मात्र ढगळ, लोखंडी टोकाचे, गोदीतले.
मी त्याला बुटांत ठेवलं.

हाडं कापली. छाती कापली.
आवाज बारीक होतो ती सगळी ओळ कापली,
आवडती होती तरी.
राहिलं एवढंच:

*लिओ धक्क्यावर आला. रेनकोट बहिणीचा,
मागून घेतलेला. बटणं उलट्या बाजूला,
आणि बोटं अडखळली नाहीत.
परतताना बूट तेच होते.
कुणाचे, हे कुणी विचारलं नाही.*

आउनेने दोनदा वाचलं.
तिच्या फिनिशमध्ये तो आणि ती, दोघांना एकच शब्द.
"आमच्या भाषेत तुझी अर्धी मेहनत वाया जाईल," म्हणाली.
टॉवेल मोजले. आकडा चुकला. पुन्हा मोजले.
"अर्धी भीतीही."

परत फिरवायचं का, हा प्रश्न उरतो.
आधी मी फिरवायचंच ठरवलेलं असायचं:
सकाळ होई, जादू उतरे,
नायक दाढी करून कामाला.
त्या सकाळीची सोय कुणासाठी होती
हे वाचणाऱ्याला कधी कळलं नसेल.
लिओला मी धक्क्यावरून पुढे चालू दिलं.
चौकटीबाहेर काय आहे, मला माहीत नाही.
बर्फ असेल. बस असेल.

काल पाळी संपली. उणे एकतीस.
यंत्राने कार्डावर जुनंच नाव ठोकलं.
सॉनाच्या दारात चष्म्यावर वाफ धरली,
वाफेपलीकडून आउनेने विचारलं,
"कुठल्या बाजूची किल्ली?"
हुकांवर दोन्ही लटकत होत्या,
एकीला निळी दोरी, एकीला विटकी लाल.

मी वही तिच्याकडे दिली, ओली होऊ नये म्हणून.
एक किल्ली काढली.
बूट दाराशी सोडले, लोखंडी टोकाचे,
आणि आत गेले.